गाडी बसत नाही म्हणजे वजन कमी झालं असं नाही

परवा एका गाडीवाल्या मित्राने व्हिडिओ पाठवला. पिकअपच्या मागच्या पाट्यांवर दोन काळे रबरी बलून बसवलेत. माल भरून गाडीची शेपूट खाली गेलीय, ड्रायव्हर केबिनमधलं बटण दाबतो आणि शेपूट हळूहळू वर येते. गाडी सरळ, नवी कोरी असल्यासारखी. त्यावर लिहिलंय, "आता बिनधास्त भरा." आणि खाली सगळे एकच विचारतायत, केवढ्याला बसतात?

हे बलून मी गेल्या वर्षी बसवले. अजूनही गाडीला आहेत. म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरी माल वाहणारी गाडी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्याकडे नाही ते त्याच रस्त्याने एसटीने आणि दुचाकीने जातात, त्यांनीही वाचा.

आमच्या घरात दोन पिकअप आहेत. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरायचा आणि माळशेज उतरून वाशीला टाकायचा, हा धंदा. एक गाडी मी बघतो, दुसरीवर धाकटा चुलतभाऊ आहे. गाडीच्या कागदावर माल धरायची परवानगी १७०० किलो. टोमॅटोचं क्रेट २० किलोचं, त्यात रिकाम्या क्रेटचं वजन धरा, म्हणजे हिशेबाने ८० च्या आतच क्रेट बसतात. आम्ही किती भरायचो? १३०. सीझनला त्याहून जास्त. खोटं कशाला बोलू, रस्त्यावर सगळे भरतात आणि आम्हीही भरायचो. पहिल्या ८० क्रेटच्या भाड्यात डिझेल, टोल, हमाली, ड्रायव्हरचा पगार निघतो. बँकेचा हप्ता वरच्या ५० क्रेटमधून निघतो. ज्याला ही परिस्थिती माहीत नाही त्याने गाडीवाल्याला चोर म्हणायची घाई करू नये.

आता एवढं वजन टाकलं की पाटे बसणारच. मग पाटेवाल्याकडे जायचं. आमच्या भागात हा जुना इलाज आहे: यू बोल्ट सोडायचे, एक-दोन पाटे जास्त चढवायचे, सेंटर बोल्ट लांब टाकायचा, परत आवळायचं. समजा पाच पाट्यांच्या गठ्ठ्यात तसलाच सहावा टाकला, तर गाडी साधारण पाचव्या हिश्शाने कडक होते. भरलेली असताना बरं वाटतं. पण वाशीहून रिकामी येताना तीच गाडी दगडासारखी चालते. प्रत्येक खड्ड्याला मागची चाकं रस्ता सोडतात, शॅकलचे बुश खातात, आणि ड्रायव्हरच्या कमरेचं काय होतं ते त्याच्या बायकोला विचारा.

बलून इथेच भारी पडतो, हे मान्य करायला पाहिजे. तो चेसी आणि हाऊसिंगच्या मधे, पाट्याच्या वर बसतो. रिकामी गाडी असली की थोडी हवा ठेवून बाकीची सोडायची, मग पाटे मूळचे तसे मऊ. माल भरला की हवा मारायची. गणित सोपं आहे. ६ इंच व्यासाचा बलून म्हणजे साधारण २८ चौरस इंच. त्यात ६० पौंड हवा मारली की कागदावर साडेसातशे किलोच्या आसपास वजन एक बलून उचलतो. दोन्ही मिळून दीड टन. पाट्यांवरचा तेवढा भार कमी होतो आणि गाडी वर येते.

मी हे गणित मांडलं आणि खूश झालो. पुढचा प्रश्न विचारलाच नाही. बलूनने उचललेलं वजन जातं कुठे? ते हवेत विरत नाही. बलूनमधून खाली त्याच हाऊसिंगवर, त्याच बेअरिंगवर, त्याच टायरवर आणि त्याच ब्रेकवर येतं. अमेरिकेत हे बलून घरच्या पिकअपला सर्रास लावतात, मागे बोट नाहीतर राहायची ट्रेलर जोडायची असते म्हणून. तिथल्या कंपन्या स्वतःच्या माहितीपत्रकात बजावून सांगतात की याने गाडीची वजन धरायची मर्यादा वाढत नाही, गाडी फक्त सपाट राहते. आपल्याकडे येता येता ते वाक्य कुठेतरी गळून पडलं आणि "बिनधास्त भरा" आलं.

जुलैची गोष्ट. माळशेजला धुकं, रस्ता ओला. भाऊ चालवत होता, मी शेजारी. १३० क्रेट. बलूनमध्ये हवा पक्की, गाडी एकदम सरळ, हेडलाइटही रस्त्यावर, नेहमीसारखी आभाळात नाही. भाऊ म्हणाला, "दादा, गाडी भरलीय असं वाटतच नाही." घाट निम्मा उतरलो आणि पुढून जळका वास यायला लागला. भावाने दुसरा गिअर टाकला. एका वळणावर पुढे दरडीचे दगड पडलेले दिसले म्हणून त्याने ब्रेक दाबला आणि पुढची चाकं जॅम झाली. स्टिअरिंग फिरवलेलं, गाडी मात्र सरळच चाललीय, कठड्याकडे. किती सेकंद ते सांगता येणार नाही. भावाने ब्रेक सोडला, चाकं फिरली, गाडी वळली. कठडा आणि गाडीत हातभर अंतर असेल.

जागा बघून गाडी बाजूला लावली. पुढच्या रिमवर पावसाचा थेंब पडला की चर्र आवाज यायचा. मागे जाऊन ड्रमला हात लावला. कोमट. चक्क हात ठेवता येत होता. एवढा घाट उतरलो, सगळं वजन मागे, आणि मागच्या ब्रेकने जणू कामच केलं नव्हतं.

परत आल्यावर आमच्या मिस्त्रींनी गाडीखाली झोपून दोन मिनिटांत दाखवलं. मागच्या हाऊसिंगपासून चेसीकडे एक बारीक दांडी जाते, ती एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. गाडीवर वजन आलं की पाटे बसतात, चेसी हाऊसिंगच्या जवळ येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असली की अंतर वाढतं, व्हॉल्व्ह प्रेशर कमी करतो, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं जॅम होऊन ती गरकन फिरेल. म्हणजे या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त अंतर कळतं. आम्ही बलून फुगवून ते अंतर रिकाम्या गाडीइतकं केलं होतं. मिस्त्री म्हणाले, "शेठ, तुमची गाडी पावणेतीन टन घेऊन घाट उतरत होती, आणि ब्रेकला वाटत होतं ती रिकामी आहे."

जास्तीचे पाटे चढवले तरी हेच होतं, फक्त थोडं कमी. बलूनने ते पूर्ण होतं.

अजून एक सापडलं. बसवणाऱ्याने पाइप वाचवायला दोन्ही बलून एका टी-जॉइंटवर घेतले होते. घाटात वळणावर गाडी डावीकडे झुकली की डाव्या बलूनमधली हवा उजव्यात जाते आणि गाडी अजून झुकते. दोन्ही बाजूंना वेगळी लाइन पाहिजे. शिवाय ब्रॅकेट बसवायला चेसीच्या पट्टीला वेल्डिंग मारलं होतं. जिथे कंपनीने भार धरायची जागा ठेवलेली नाही तिथे भार, आणि तिथेच वेल्डिंगने तापवलेलं लोखंड. तिथून तडा गेला नाही हे आमचं नशीब.

इथपर्यंत ही माझी चूक. मी बसवले, मी पैसे दिले, मी विचारलं नाही. पण मला पुढचं सांगायचंय.

बलून लोक आरामासाठी घेत नाहीत. गाडी बसलेली दिसू नये म्हणून घेतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११४ मध्ये लिहिलंय की जास्त वजन आहे असं मानायला अधिकाऱ्याकडे कारण असेल तर तो गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो. आता रस्त्यावर उभ्या माणसाला ते कारण कशात दिसतं? बसलेल्या पाट्यात, फुगलेल्या टायरच्या पोटात, वर उचललेल्या नाकात. गाडी स्वतःच साक्ष देते. बलूनने ती साक्ष गप्प होते. मग अधिकाऱ्याला दिसत नाही, मागून येणाऱ्याला दिसत नाही, ड्रायव्हरला जाणवत नाही, आणि ब्रेकलाही कळत नाही. चौघांना एकदम फसवणारी वस्तू आपण बाजारात दोन तासांत बसवून घेतो.

यावर सरकारचं उत्तर ठरलेलं आहे. दंड. कलम १९४ प्रमाणे २०१९ पासून जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. विनापरवाना बदल केला म्हणून मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात सांगितलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेला धक्का लागेल असा बदल गाडीत करता येणार नाही. सगळं बरोबर आहे. माझा दंडाला विरोध नाही. मी कठड्यापासून हातभर अंतरावर होतो, मला आता कोणी कायदा शिकवायची गरज नाही.

पण तेच कलम १९४ नीट वाचा. त्यात फक्त चालवणारा नाही. जो अशी गाडी चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही गुन्हेगार आहे. तसे शब्द कायद्यात आहेत. आता सांगा, तुमच्या ओळखीत किती व्यापाऱ्यांना, किती आडत्यांना, किती कारखान्यांना या शब्दांखाली पावती फाटली? माझ्या ओळखीत एकालाही नाही. मला भाडं देणारा व्यापारी स्पष्ट म्हणाला होता, "८० क्रेट नेणार असशील तर दुसरी गाडी बघतो, रांगेत वीस उभ्या आहेत." तो काही राक्षस नाही. त्याला क्रेटमागे भाडं ठरलेलं आहे, एक गाडी वाचली तर त्याचे पैसे वाचतात. २०२३ च्या जुलैमध्ये क्रेटला दोन हजाराच्या वर भाव गेला होता, आठवतंय ना? त्या महिन्यातही आमचं क्रेटमागचं भाडं होतं तेवढंच होतं. भाव वाढला की माल मौल्यवान होतो, गाडी नाही.

आणि पुरावा शोधायला गाडीखाली झोपायची गरजच नाही. ऊस घ्या. प्रत्येक साखर कारखान्याच्या गेटवर काटा आहे. आत येणारी प्रत्येक गाडी भरलेली तोलतात, रिकामी करून परत तोलतात, कारण शेतकऱ्याचं बिल, तोडणी आणि वाहतूक सगळं त्या टनावर निघतं. पावतीवर गाडी नंबर, वेळ, भरलेलं वजन, रिकामं वजन. गाडीची परवानगी किती ते आरटीओच्या ऑनलाइन नोंदीत नंबर टाकला की दिसतं. दोन आकडे शेजारी ठेवले की झालं. एका सीझनला एकेका कारखान्यात जादा वजनाच्या अशा हजारो कबुल्या छापून फाइलला लागतात, आणि बाहेर रस्त्यावर अधिकारी टॉर्च घेऊन पाटे बघतोय. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

टोमॅटोचं अजून गमतीचं आहे. क्रेट मोजून माल जातो, म्हणून गाडी काट्यावर जातच नाही. पण क्रेटला वीसने गुणायला काटा कशाला लागतो? गेटपासवर क्रेटची संख्या असतेच.

काही जण म्हणतील, अरे, रस्त्याचा काय संबंध, गाडी तुझी, जीव तुझा. संबंध आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं ट्रक गोल गोल फिरवून रस्त्यांची चाचणी घेतली होती. त्यातून निघालेला नियम आजही रस्ते बांधणारे वापरतात: एक्सलवरचं वजन वाढलं की रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट, नुकसान १६ पट. आपल्याकडे २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची मर्यादा वाढवली. दोन एक्सलच्या ट्रकची १६.२ वरून १८.५ टन, तीन एक्सलची २५ वरून २८.५. चार टायरच्या मागच्या एक्सलला १०.२ चे ११.५ टन झाले. म्हणजे जे पूर्वी चोरून चालायचं त्यातलं बरंचसं कायदेशीर झालं. मला वाटलं होतं की आता दम मिळेल. झालं उलटंच. दर टनाला भाडं तेच राहिलं किंवा पडलं, आणि गाडीवाले नव्या मर्यादेच्याही वर गेले. त्या ११.५ टनाच्या एक्सलवर १६ टन टाका, रस्त्याचं नुकसान पावणेचार पट. मग ठेकेदाराला शिव्या घालतो आपण. ठेकेदार धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही, पण निम्म्या शिव्या आपल्याच.

आणि हवेवर चालणारं सस्पेन्शन वाईट नाही, हेही सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी माझी पोस्ट दाखवून सगळ्यांचे बलून उतरवायला निघेल. युरोपात ट्रकच्या जोड चालक एक्सलला १८ टनांची मर्यादा आहे, पण जोडटायर आणि हवेचं किंवा त्या तोडीचं सस्पेन्शन असेल तर १९ टन चालतात. कारण हवेवरची गाडी रस्त्यावर कमी आपटते. पण ते सस्पेन्शन कारखान्यातून गाडीबरोबर येतं, ब्रेक त्याच्या हिशेबाने बसवलेले असतात, तपासून प्रमाणपत्र मिळालेलं असतं. इथे मी रस्त्याकडेच्या टपरीत टी-जॉइंट आणि वेल्डिंगवर बसवून घेतो. दोन्हीला बलूनच म्हणतात, म्हणून गोंधळ होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे बलून चोरवाटेने येण्यापेक्षा उघड दाराने येऊ द्या. कोणत्या गाडीला कोणता किट, ब्रॅकेट कुठे, ब्रेकचा व्हॉल्व्ह कसा लावायचा, हे तपासून मान्यता द्या, आरसी बुकात नोंद करा, आणि त्या नोंदीतच मोठ्या अक्षरात लिहा की वजनाची मर्यादा तीच आहे. रिकामं येताना ड्रायव्हरची कंबर वाचेल, टोमॅटो कमी फुटेल. आणि वजन पकडायचं असेल तर ते जिथे भरलं जातं तिथे पकडा. बाजाराच्या गेटवर, कारखान्याच्या काट्यावर, खाणीच्या तोंडाशी. ज्याने भरलं त्याच्या नावाने पहिली पावती फाडा. दुसरी माझ्या नावाने फाडा, मी भरीन. एकट्या गाडीवाल्याने प्रामाणिक व्हायचं ठरवलं तर तो फक्त रांगेतून बाहेर पडतो. सगळ्यांना एकदम ८० क्रेटवर आणलं तर क्रेटमागचं भाडं वाढेल, वाशीत टोमॅटो किलोला थोडा महाग पडेल. पडू दे की. आज तो स्वस्तपणा आमच्या ब्रेकमधून निघतोय.

आमच्या गाडीचं आता काय ते सांगतो, कारण कमेंटमध्ये विचारणारच. वेल्डिंगचे ब्रॅकेट कापून काढले, बोल्टचे बसवले. दोन्ही बाजूंना वेगळी हवा. भरून १० पौंडांच्या वर मारत नाही, म्हणजे गाडी भरल्यावर दिसण्याइतकी बसते आणि मागचा ब्रेक धरतो. घाटाच्या वर, उतार सुरू व्हायच्या आधी, भाऊ उतरून दांडी बघतो. क्रेट ८५ पर्यंत आणलेत, ८० अजून जमलेले नाहीत. दुसऱ्या गाडीचा हप्ता दोन महिने थकलाय आणि त्या व्यापाऱ्याने फोन उचलायचं बंद केलंय. त्याची रांगेतली पुढची गाडी कोणाची आहे मला माहीत आहे. तिला गेल्याच आठवड्यात बलून बसले. मी त्या पोराला फोन करून दांडीचं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, बघतो, पण आज माल भरलाय."